शिशाची भट्टी

लालबाग, ४ फेब्रुवारी १९५७

ती. दादांस,
मालनचा सा. न. वि. वि.

ह्यांचं पोट पुन्हा दुखू लागलंय. अन्नावर वासना नाही, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव येते म्हणतात. इथले डॉक्टर जंताचं औषध देतात, त्यानं काही उतार नाही. परवा संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत सगळ्यांनी मुठी उंचावल्या, ह्यांचा उजवा पंजा मात्र मनगटातून खाली लोंबला. शेजारचे शामराव हसून म्हणाले, घोषणेचाही कंटाळा का? हे सभा अर्धी सोडून घरी आले.

बॅटरीच्या कारखान्यातून रजा मिळाली आहे, म्हणून तुमच्याकडे पाठवते. वहिनींच्या हातची पेज खाऊ दे. मायेत अंतर पडू देऊ नका.
मालन

जामसंडे, २ मार्च १९५७

चि. सौ. मालनला अनेक आशीर्वाद.

जयवंतराव आज देवगडहून बोटीत बसले. पुन्हा पुन्हा वाढून घेताना तुझ्या वहिनीला लाजत होते, इतके जेवू लागले. कामावर जायचं नको म्हणून पोट दुखतं, अशी मी थट्टाही केली.

पण एक सारखं मनात येतं. मागच्या गणपतीतही ते इथे येऊन बरे झाले होते. मुंबईचं पाणी बाधतं म्हणावं, तर तेच पाणी तू आणि लहानगी कमल पिता. तेव्हा दिवसभर ते कशात असतात ते बघ, आणि मोठ्या इस्पितळात ने. कमलला पापा. प्रकृतीचं कळवत जा.
तुझा कुशादादा

लालबाग, २४ मार्च १९५७

ती. दादांस सा. न. वि. वि.

भट्टीवर परतले आणि आठवड्यात पोट धरून बसले. मग मी ऐकलं नाही, परळच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काम काय करता म्हणून विचारलं. शिसं वितळवतो म्हणताच त्यांनी ह्यांचा ओठ वर केला. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती. रोज बघत होते मी ह्यांना, पण ती कधी दिसली नव्हती.

रक्त तपासल्यावर पक्कं झालं, अंगात शिसं साचलंय. धुरातून जातं, हाताला लागलेलं जेवणातून जातं. सुया चालू आहेत, पण भट्टी सुटल्याशिवाय उपयोग नाही. कपडे कुठे झटकता, असंही बाईंनी विचारलं. मी खोलीतच झटकते, आणि कमल तिथेच रांगते. तिच्याही रक्तात थोडं निघालं.

दादा, तरीही हे कामावर निघाले होते. मी सांगितलं, भट्टीवर जाणार असाल तर मी कमलला घेऊन आजच्या बोटीनं जाते. तेव्हा कुठे घरी थांबले.

आता भट्टीवरच्या बाकीच्यांच्या घरी जाते आहे. परक्या पुरुषाला तोंड उघडा म्हणताना आधी जीभ अडायची. तिघांच्या हिरड्यांवर तीच रेघ आहे. कृपादृष्टी ठेवा.
मालन

जामसंडे, १ एप्रिल १९५७

चि. मालनला आशीर्वाद.

मालकाशी वैर घेऊ नको, असं लिहायला बसलो होतो. तुझ्या वहिनीनं लेखणी काढून घेतली. मी तुझ्या पाठीशी आहे. लागेल तेव्हा बोलाव.
कुशादादा

लालबाग, १८ ऑगस्ट १९५७

ती. दादांस सा. न. वि. वि.

मॅनेजर म्हणाले, माणसं दारू पितात म्हणून पोटं दुखतात. आम्ही बायका युनियनच्या लोकांबरोबर फाटकाशी उभ्या राहिलो, डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं. आता धूर ओढणारा पंखा बसला आहे, साबण-पाणी मिळतं, कामाचे कपडे तिथेच धुतले जातात. ह्यांना कारखान्याच्या कॉटन ग्रीनच्या गोदामात बदली दिली. मनगटाचं सगळं सुधारेल असं बाई म्हणत नाहीत. कमलचं रक्त आता बरं आहे.

ह्यांच्या जागी हेरंब म्हणून नवा मुलगा लागलाय, नुकतं लग्न झालेला. काल त्याच्या बायकोकडे जाऊन सगळं सांगितलं, आणि पोट दुखलं तर वाट बघू नको म्हटलं. ती घाबरून म्हणाली, मग मी त्यांना पाठवतच नाही. मी म्हटलं, ते तुम्ही दोघांनी ठरवा. आम्हाला ठरवायला कुणी दिलं नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

वहिनींना नमस्कार. आमच्यावर माया असू द्या.
तुमची मालन