अर्धी रिंग

प्रिय अहो,

मायना वाचून हसू नका. इतक्या वर्षांत तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही, आता परदेशात येऊन नवीन नाव कुठून काढू? आणि फोन हाताशी असताना ही बाई कागद कशाला खरडत बसली आहे, असंही मनात आणू नका. लेकीच्या घरात इंटरनेट चोवीस तास चालू असतं, जावई तर म्हणतात, आई, हवं तेवढं बोला. तरी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन घेऊन बसले आहे, कारण तुमच्या त्या फोनच्या शिस्तीपुढे मी हात टेकले.

निघायच्या आदल्या दिवशी माझा फोन घेऊन तुम्ही काय काय बंद केलंत ते तुमचं तुम्हाला माहीत. परदेशात फोन नुसता जागा असला तरी पैसे खातो, म्हणून तो पूर्ण बंद केलात, हातरुमालात गुंडाळलात, वर रबर लावलंत आणि पर्सच्या तळाशी घातलात. वर मला बजावलंत, की पोचल्यावर एक रिंग द्यायची आणि पुन्हा बंद. झालं काय, की लेक विमानतळाच्या एका दाराशी उभी आणि मी भलत्याच दाराशी. ती बिचारी फोनवर फोन लावते आहे आणि फोन रुमालात गाढ झोपलेला. शेवटी तिने माझ्या नावाचा पुकारा करायला लावला. अख्ख्या विमानतळावर माझं नाव घुमलं, तेही असं काही चिरफाड करून उच्चारलेलं, की ते माझंच आहे हे कळायला मला वेळ लागला. आणि एवढं होऊनही मी पहिलं काम काय केलं, तर फोन उघडून तुम्हाला एक रिंग दिली. तुम्हीही ठरल्याप्रमाणे उचलला नाहीत. लेक आ वासून बघत राहिली. तिच्या नवऱ्याला समजावून सांगताना तर तिच्या नाकी नऊ आले.

कसं समजावणार? घरोघर फिरून विजेची मीटरं वाचण्यात तुमचा जन्म गेला. निवृत्त झालात, पण कानातलं मीटर काही थांबलं नाही. कुणी फोनवर दोन वाक्यं जास्त बोललं की तुमचा जीव वरखाली होतो. घरात फोन आला तेव्हापासूनची ही आपली पद्धत: एक रिंग म्हणजे खुशाल आहे, लागोपाठ दोन म्हणजे काम आहे, सवडीने फोन कर. उचलायचा मात्र नाही. लेक कॉलेजच्या वसतिगृहात होती तेव्हाही हेच. तिच्या मैत्रिणी आयांशी तासन्‌तास गप्पा मारायच्या आणि आमची लेक एक रिंग ऐकून अभ्यासाला बसायची. तिने अजून ते तुम्हाला माफ केलेलं नाही, हे सांगून ठेवते.

इथे आल्यावर तिने एकदा हट्टाने व्हिडिओ लावून दिला. याला पैसे पडत नाहीत, हे तिने सांगितलं, जावयांनी सांगितलं, मी सांगितलं. पडद्यावर तुमचं नुसतं कपाळ आणि वरचा पंखा. नात दाखवली तर म्हणालात, बघितली, बघितली, ठेवा आता, फुकट काही नसतं, मागाहून लावतील. आणि कट! अहो, तिने तेव्हाच पहिल्यांदा तोंड भरून जांभई दिली होती. तीसुद्धा तुम्ही बघितली नाहीत.

मला किती सांगायचं होतं! इथे कपडे धुवायचं यंत्र स्वयंपाकघरातच, ओट्याखाली आहे, आणि काम झालं की ते गाणं म्हणतं. शेगडीला ज्योत नाही, नुसती काच तापते, आणि दूध उतू गेलं की ती रागावून शिट्ट्या मारते. शेजारी इतके गुपचूप राहतात, की भिंतीपलीकडे माणूस आहे हे त्यांच्या खोकल्यावरून कळावं. नात तुमच्यासारखी मूठ आवळून झोपते, काही सोडायचं म्हणून नाही. हे सगळं मी त्या धुण्याच्या यंत्राला सांगते. निदान ते मध्येच बंद तरी पडत नाही.

तेव्हा रोज सकाळी तेवढ्यापुरता फोन चालू करायचा आणि तुम्ही तिकडून एक रिंग द्यायची, यावर मी समाधान मानलं. समाधान कसलं, तीही धड नसायची. इथे मी उचलला तर मलाही पैसे पडतील, या भीतीने तुम्ही रिंग पुरती वाजूच देत नव्हता. 'ट्रिं' झालं की कट. मी चहाचं आधण ठेवायचे, फोन ओट्यावर ठेवायचे, अर्धी रिंग वाजायची आणि मी म्हणायचे, उठले कंजूस. मग माझा दिवस सुरू व्हायचा.

आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी रिंग पुरती वाजली. मी दचकले. फोनकडे बघत राहिले. रिंग आपली सावकाश, आरामात वाजून थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच. अहो, तुम्ही आणि पुरती रिंग? आपल्या लग्नातसुद्धा बँडवाल्याला लवकर आटपायला लावणारा माणूस! लेक म्हणाली, आई, बाबा सुधारले असतील. मी म्हटलं, बाबा सुधारत नसतात, ही रिंग बाबांच्या हातची नाहीच. तिसऱ्या दिवशी मी सरळ नियम मोडला आणि फोन उचलला. पलीकडे आधी नुसता श्वास, मग आपल्या खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरचा आवाज. काय म्हणाले असतील? राँग नंबर! तुमच्या फोनवरून मला फोन करून मलाच राँग नंबर म्हणाले आणि ठेवून दिला. आयुष्यभर औषधाच्या पुड्या बांधल्या, पण साधं खोटं बांधता येत नाही त्या माणसाला.

मग मी त्यांच्या बायकोला तिच्या फोनवर गाठलं. ती आधी म्हणाली, भाऊजी आंघोळीला गेलेत. मग म्हणाली, फिरायला गेलेत. आंघोळ करता करता फिरायला गेले का, असं विचारल्यावर ती रडायलाच लागली. तुम्ही स्वयंपाकघरात पडलात, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात उचलेना, दोन रात्री दवाखान्यात काढून हट्टाने घरी आलात, हे सगळं तिने सांगितलं. मला कळवायचं नाही, रोज फक्त एक रिंग द्यायची, हेही तुम्हीच खुणा करून कंपाउंडरांना सांगितलंत म्हणे. शाबास! मी इथे ओट्याशी उभी राहून खुशाल आहेत, खुशाल आहेत म्हणत होते आणि तुम्ही तिथे अंथरुणावर. आपल्या या पद्धतीत दुखण्याला रिंगच ठेवलेली नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही? माझ्या मात्र आता आलं, आणि इतका संताप आला की काचेच्या शेगडीवर रिकामं पातेलं तापत ठेवून मी रडत बसले.

मिळालं ते पहिलं तिकीट लेकीने काढलं आहे. येत्या आठवड्यात मी येते, त्यावर वाद नको. नातीला सांभाळायला जावई रजा घेत आहेत. पण तोवर माझ्याच्याने धीर धरवत नाही, कारण कंपाउंडरीणबाईंनी आणखी एक सांगितलं आहे. डॉक्टर म्हणतात, जीभ जड झाली असली तरी बोलायला हवं, रोज बोलायला हवं, नाहीतर बोलणं परत यायचं नाही. आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसला आहात. शब्द वाकडे येतात म्हणून लाज वाटते म्हणे. कुणाची लाज, माझी? मी सरळ फोन लावला असता तर तुम्ही घेतलाच नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र. जावयांच्या ऑफिसातल्या बाई तिकडे येत होत्या, त्यांच्याकडे दिलं, तुमच्या हातातच द्यायचं म्हणून. कारण तुम्हाला मनात वाचता येत नाही. लग्नपत्रिका असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, तुम्ही शब्दन्‌शब्द तोंडाने म्हटल्याशिवाय तुमच्या डोक्यात शिरत नाही, आणि ही सवय तुमच्या लाजेपेक्षा जुनी आहे. तुम्हाला काही कळवायचं म्हणून मी एवढं लिहिलेलं नाही, तुम्ही खूप वेळ वाचत राहावं म्हणून लिहिलं आहे. उशीशेजारी कंपाउंडरीणबाईंनी माझ्या सांगण्यावरून त्यांचा फोन पालथा ठेवला आहे, तो जरा उलटा करा. पहिल्या ओळीपासून मला लावलेला, चालू आहे. ओरडू नका, किंवा ओरडाच, तेवढंच बोलणं होईल. जिथे अडखळलात ते मी ऐकलं, जिथे शब्द वाकडा आला तोही ऐकला, आणि मला सगळा कळला. आता थांबू नका. खालचा शब्दही मोठ्याने वाचा, मी फोन कानाला लावून बसले आहे.

तुमचीच