मेव्हण्याचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. मोताळा.

मागच्या महिन्यात मलकापूरच्या सभेत मी मंचावरच्या एका पुढाऱ्याचं नाव विसरले, तर तो न जेवताच उठून गेला आणि आमच्या कृषी खात्याच्या साहेबांनी मला झापलं. ती चूक सुधारायची म्हणून आज रोहिणखेडच्या पुढच्या गावात प्रत्येकाचं नाव घेतलं. सरपंच, उपसरपंच, सरपंचाचा मेव्हणा. मेव्हणा! त्याचा कपाशीशी संबंध काय? पण फेटा बांधून बसला होता ना. प्रत्येक नावाला हार, टाळ्या, फोटो. शेवटी एकदाची बोंडअळी पडद्यावर आणली, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "शेतातली लाइन आली रे!" झालं. सगळे शेतकरी पाण्याच्या मोटारी सुरू करायला शेतात पळाले. त्यांनी तरी काऊन थांबावं? मी त्यांना नावांशिवाय ऐकवलं काय?

आणि मी मूर्खासारखी रिकाम्या खुर्च्यांना फवारणी समजावत राहिले. मंचावरचे मात्र हलले नाहीत. मेव्हणा मोबाइलमध्ये स्वतःचा हारातला फोटो बघत होता. निघताना म्हणतो, "म्याडम, मस्त बोलल्या तुम्ही. माह्यं नाव बराबर घेतलं."

मेव्हणा खूश. कोणी न जेवता उठून गेलं नाही, म्हणून साहेबही खूश. बोंडअळीचं तर विचारूच नका.