दोन वारे, एक रेषा

पप्पा, त्या दिवशी तुमचा डबा ओट्यावर का राहिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पिंपळे गुरवच्या घरात तुम्ही सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत आहात. तुमच्या चाकणच्या कंपनीत, क्वालिटीमध्ये, तुम्ही माझ्यासाठी साहेबांकडे शब्द टाकला आहे आणि मी आत्ताच नको म्हणाले आहे. मला ताऱ्यांवर संशोधन करायचं आहे. "ताऱ्यांचा वारा मोजायला पगार कोण देतं गं?" तुम्ही विचारता. "सरकार. थोडाच," मी म्हणते. तुम्ही हसता, बूट घालता आणि जाता. डबा तिथेच. आई म्हणते, "रागात गेले." दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, डबा मुद्दाम ठेवलात का? पेपरातून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "कुठला डबा?" विसरलेला माणूस असंच म्हणेल. रागावलेला आणि राग कबूल न करणाराही असंच म्हणेल. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

नव्यानं जन्मलेले तारे वायू बाहेर फेकतात, तोच हा वारा. त्यातल्या हायड्रोजनची एक लाल रेषा ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात दिसते आणि वारा आपल्याकडे येत असेल तर तिच्या निळ्याकडच्या बाजूला खाच पडते. आता संशोधनात मी संगणकावर वारा कल्पून त्याची रेषा काढते आणि दुर्बिणीतून आलेल्या रेषेवर ठेवून बघते. या आठवड्यात दोन वारे सारखेच बसले: एक खूप तापलेला आणि विरळ, दुसरा कमी तापलेला आणि दाट. माझे गाईड सर म्हणाले, "एक निवड आणि लिहून टाक." मी म्हटलं, निवडायला आधार नाही. "मग दुर्बिणीवाल्यांकडून त्याच ताऱ्याची दुसरी रेषा मागव, बाई." मागवली आहे. तारा जागेवर आहे, आज ना उद्या मिळेल. तुमच्याबाबतीत मागवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि हे मला कुठल्याही गणितानं बदलता येत नाही.

काल आई भाजी निवडताना पुन्हा म्हणाली, "तुझ्यावर रुसूनच गेला माणूस." मी म्हटलं, "नाही, ते विसरले होते. मला स्वतः म्हणाले."

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते: तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. आईनं हात थांबवून विचारलं, "कधी म्हणाले?" आणि मी जराही न अडखळता सांगितलं, "रविवारी. दाढी करताना."