दोनदा आखूड हॉर्न

प्रिय बेगिमाय,

आणि मग मी चुलीतली राख काढली. ऑक्टोबरमधल्या त्या मंगळवारचं सांगते आहे. राख बादलीत भरून गोठ्यामागे टाकली. तांबडी गाय तेव्हा आटत चालली होती, अर्धी बादलीही भरली नाही. कुत्र्यासमोर शिळी रोटी टाकली, चहाच्या पाण्याचा सामोवर पेटवला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या खिडकीशी गेले. आपल्याकडे सिग्नल त्या खिडकीच्या कट्ट्याशिवाय कुठे मिळत नाही, तुला माहीतच आहे. रोज सकाळची ही माझी रीत होती: राख, गाय, कुत्रा, चहा आणि मग तुझ्या बातम्या.

तुझा फॉर्म साखरेच्या वाडग्याखाली ठेवला आहे. त्याच्याकडे मी येतेच. आधी हे सगळं ओळीने सांगते, कारण मला मधूनच बोलता येत नाही.

कॉलेजने तुला त्या बातम्यांच्या कार्यालयात शिकायला पाठवलं, तेव्हा तू सांगितलं होतंस की शिकाऊ मुलांचं नाव बातमीखाली येत नाही. मी म्हटलं, हरकत नाही, मी ओळखीन. तू हसलीस. पण मी ओळखत होते. आठवीनंतर माझी शाळा सुटली, लग्न झालं, आणि पुढचं सगळं वाचन मी फडताळांत अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून आणि गावचं ग्रंथालय बंद झालं तेव्हा पोत्यात भरून आणलेल्या पुस्तकांवरून केलं. कोण कसं लिहितं एवढं मला कळतं. त्या उन्हाळ्यात कणीक मळताना तू तुझ्या गुल्सारा मॅडमचं सांगितलं होतंस. त्या म्हणतात, पोलिसांचा कागद कुणीही उतरवून काढेल, तुम्ही फोन करा आणि कागदात नसलेली एक गोष्ट विचारा. तेव्हापासून मी ती एक गोष्ट शोधत असे. बाजाराजवळ घर जळालं त्या बातमीत लिहिलं होतं की शेजारणीने आधी शिवणयंत्र बाहेर काढलं. ती तुझी. पूल खचला त्या बातमीत पलीकडच्या शाळेतली मुलं दुपारपर्यंत नदीकाठी बसून राहिली होती. तीही तुझी. तुझे बाबा जेवताना विचारायचे, "आज आपल्या बातमीदारीणबाई काय म्हणतात?" मी वाचून दाखवायचे. ते म्हणायचे, "शिवणयंत्र! अगदी तुझ्यावर गेली आहे. घर जळतंय आणि हिला शिवणयंत्राची पडली आहे."

तर त्या मंगळवारी मी तुझ्या बातम्या वाचल्या, फोन उपडा ठेवला आणि कणीक मळायला घेतली. पुष्कळ घेतली. शेजारची तोक्तोबुबू कणकेचं आंबवण मागायला आली आणि दारातच थबकली. "अगं बाई, एवढी कणीक? लेकीला मागणी घालायला येणार आहेत की काय? आणि मला सांगितलं नाहीस!" मी म्हटलं, माणसं येतील असं वाटतंय. ती म्हणाली, "तुला काय, पुस्तकात वाचून आधीच कळत असेल." आंबवण घेऊन ती गेली. फाटकाशी तिने मागे वळून पाहिलं होतं, ते मला नंतर आठवलं.

दहाच्या सुमाराला चौघेजण आले. तुझे थोरले काका, मुल्ला आणि गावातली दोन वडीलधारी माणसं. काकांनी सणाला घालायची टोपी घातली होती. मी कणकेचे बोर्सोक तळून ठेवले होते, तेच चहाबरोबर वाढले. मी ताटभर बोर्सोक आधीच का करून ठेवले, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. ते गवताबद्दल बोलले. यंदा तिसरी कापणी मिळाली नाही. मग काकांच्या गुडघ्याबद्दल. मग मुल्लांच्या धाकट्या सुनेबद्दल. रीतच तशी आहे. मेल्याची बातमी सरळ सांगायची नसते, जवळच्या माणसाला तर नाहीच. चार मोठ्यांनी येऊन बसायचं, लांबून यायचं, एकेक पायरी उतरत यायचं, म्हणजे ऐकणारा एकदम पडत नाही. काकांना सोमवारी संध्याकाळीच कळलं होतं. चौघे जमेपर्यंत आणि उजाडेपर्यंत त्यांनी ते स्वतःजवळ ठेवलं.

"सूनबाई," काका म्हणाले, "रस्ता म्हटला की डोंगर आला. डोंगर म्हटला की वळण आलं." मग ते थांबले आणि त्यांनी पुन्हा चहा मागितला. मी चहा ओतला. त्यांना अजून किती पायऱ्या उतरायच्या आहेत ते मला दिसत होतं आणि मला त्यांना मदत करता येत नव्हती. शेवटी ते खाली पोहोचले. जिथे ओरडायचं असतं तिथे मी ओरडले.

तुला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की बाबांना जरा बरं नाही, निघून ये. मी शेजारी बसले होते. फोन माझ्या हातात देतील या भीतीने मी उठून गोठ्यात गेले. तू शेअर टॅक्सीत बसून पाच तास आलीस आणि अंगणात काळ्या-पांढऱ्या लोकरीचा तंबू उभा पाहिलास. आपल्याकडे अंगणात तंबू उभा असला की आणखी काय सांगायचं उरतं? तरी काकांनी तुलाही बसवलं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. सोमवार, डोलोनची खिंड, बटाट्याचा ट्रक. बाबा गुरुवारी निघणार होते, दुसऱ्या ड्रायव्हरचं पोर आजारी म्हणून त्याची पाळी त्यांनी घेतली, हे तुला माहीत नव्हतं. तू मधेच विचारलंस, "रस्त्यावर मेंढ्या होत्या का?" काका चपापले. "तुला कोणी सांगितलं?"

त्यानंतर तू उठून तंबूकडे गेलीस. तंबूत बायकांमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलीस, पण तुझ्या तोंडून विलापाची एक ओळ निघाली नाही. नारिनहून आलेली तुझी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटली, "शहरात शिकवून काय मिळवलं? डोळे कोरडे करून पाठवली पोरगी." मी तिला उलट बोलले नाही. बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

चाळिसाव्या दिवशी ट्रकच्या मालकाने एक तरुण माणूस पाठवला. पांढरा शर्ट, चेहरा मवाळ. कंपनीचं लोकांमधलं नाव सांभाळायचं हे त्याचं काम. तुझ्याच कॉलेजात शिकलेला, चार वर्षं पुढे. त्याने जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात द्यायचा शोकसंदेश लिहून आणला होता आणि घरच्यांची संमती म्हणून माझी सही हवी होती. मी तो दोनदा वाचला. भाषा चांगली होती. अनुभवी, मनमिळाऊ, सहकाऱ्यांचे आवडते. आणि मधे, अगदी हळुवारपणे, "प्रवासाच्या थकव्याने क्षणभर डोळा लागल्यामुळे."

मी म्हटलं, ते झोपले नव्हते. तो म्हणाला, "काकू, झोप म्हणजे काही गुन्हा नाही. कुणालाही लागते." मी त्याला खिडकीशी नेलं आणि फोनवर त्या मंगळवारच्या बातमीच्या चार ओळी दाखवल्या. त्याने वाचल्या, मग सावकाश परत वाचल्या. "हे ज्याने लिहिलं," तो म्हणाला, "त्याने चौकीवर फोन करून मेंढपाळालाच विचारलं आहे. आम्हाला वर्गात हेच सांगायचे, आम्ही कधी केलं नाही." त्याने विचारलं की कोणी लिहिलं आहे. मी म्हटलं, खाली नाव नाही. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, चहा पूर्ण प्यायला आणि गेला. तो संदेश कुठेच छापून आला नाही. गावात आज कुणीही म्हणत नाही की ते ट्रक चालवताना झोपले. मेंढ्या वाचवताना गेले असं म्हणतात.

आता तुझा फॉर्म. दुसरं वर्ष संपलं, तुला पत्रकारिता सोडून जाहिरातीच्या वर्गात जायचं आहे. कॉलेजच्या करारावर बाबांची सही होती, म्हणून आता माझी लागते. कारणाच्या रकान्यात तू "वैयक्तिक" लिहिलं आहेस. फोनवर मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "आई, जाहिरातीत कुणी मरत नाही." ते खरं आहे. मला जाहिराती वाईट वाटत नाहीत. गेल्या हिवाळ्यात तू चहाच्या पुड्यासाठी लिहिलेलं वाक्य तोक्तोबुबू अजून म्हणून दाखवते. पण तू का जाते आहेस ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

त्या मंगळवारी सकाळी मी ज्या बातम्या वाचल्या, त्यात डोलोनच्या चार ओळी होत्या. ड्रायव्हर, वय एक्कावन्न, जागीच मृत्यू. नाव नाही, कारण घरी कळवलेलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, मेंढपाळाने आमच्या कार्यालयाला फोनवर सांगितलं की कळप पाहून ड्रायव्हरने दोनदा आखूड हॉर्न दिला आणि ट्रक दरीच्या बाजूला वळवला. एकाही मेंढीला इजा झाली नाही. आपल्या फाटकाशी ते असाच हॉर्न द्यायचे, दोनदा, आखूड, कोंबड्या बाजूला व्हाव्यात म्हणून. हे वाचताना मला एकदमच दोन गोष्टी कळल्या. कोण गेलं ते आणि कोणी लिहिलं ते. तू तो हॉर्न मेंढपाळाच्या तोंडून ऐकलास, शब्द मोजून लिहिलास आणि ओळखला नाहीस, हे तुला गिळता येत नाही. बेगिमाय, सगळेच ड्रायव्हर हॉर्न देतात, आणि तुला माहीत होतं ते एवढंच की बाबा गुरुवारी निघणार आहेत. काका आणि मुल्ला दहा वाजता आले. त्याच्या तीन तास आधी मला तुझ्याकडून कळलं होतं, आणि त्यात ते कसे गेले तेही होतं. ते एवढं कुणीच मला सांगितलं नसतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी अजून रोज सकाळी खिडकीशी जाते. तुझ्या बातम्या नसतात, तरी जाते.

फॉर्म मंगळवारी आला. दुसऱ्या दिवशी मी राख काढली, गाईचं दूध काढलं, त्या चार ओळी एका कागदावर उतरवून घेतल्या आणि खाली तुझं नाव लिहिलं. मग फॉर्मवर सही केली, आणि तारखेची जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली.

तुझीच, खिडकीशी असलेली,
आई