ठाऊक नाय म्हणून सांग

अब्बा, आखातात मीना अब्दुल्ला बंदरावर रिफायनरी उभी राहत होती ते दिवस आठवतात का? त्या साक्षींबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. तुम्हाला जाऊनही इतकी वर्षं झाली, की बोलायचं राहून गेलं म्हणण्यातही आता अर्थ नाही. तरी लिहितो.

विलायतेहून एक वकील आला होता. दक्षिणेकडच्या डोंगरात एका गावावर विमानांनी बॉम्ब टाकले होते. सरकारी निवेदनात होतं, ओस पडलेल्या गढीवर टाकले, एकही माणूस मेला नाही. त्या गावचे जे पुरुष नंतर इथे बांधकामावर मजुरीला आले, ते म्हणत होते, घरंच्या घरं गेली. खरं काय ते पाहायला कुठल्याशा समितीने वकिलाला पाठवलं होतं. मी रत्नागिरीला मॅट्रिक झालेला टायपिस्ट, इंग्रजी चांगलं, अरबी बाजारापुरतं. तुम्ही तीस वर्षं गलबतावर काढलेली, अरबी अशी की इथले लोक वळून पाहायचे, आणि इंग्रजी 'यस सर'च्या पुढे नाही. म्हणून आपण दोघे मिळून एक दुभाष्या झालो. वकील मला इंग्रजीत विचारणार, मी तुम्हाला आपल्या बोलीत, तुम्ही साक्षीदाराला अरबीत. उत्तर त्याच वाटेने परत आणि शेवटी माझ्या मशीनवर. तुम्हाला त्याची भलतीच ऐट होती. सकाळी स्टोव्हला पंप मारता मारता विचारायचात, "आज आपला कोर्ट कवा भरनार?"

तो माणूस साक्षीला तिसऱ्या दिवशी आला. चाळिशीचा, उंच, नखांत सिमेंट. तो बोलतो, तुम्ही सांगता, मी टाईप करतो. सकाळी तो खजुरांना पाणी सोडायला गेलेला. विमानं दोन. परत आला तेव्हा घर नव्हतं. आत पाच जणी होत्या, बायको, आई आणि तीन मुली. हे सांगताना त्याचा आवाज हलत नाही. माझी बोटंही अडत नाहीत. वकील म्हणतो, पाचही जणींची नावं आणि वयं. मी ते तुम्हाला सांगतो, आणि तुम्ही त्याच्याकडे न वळता माझ्याकडेच बघता.

"परक्या घरच्या बायांची नावां आपण कवा इचारतांव?"

"अब्बा, त्याला लिहून पायजेत."

"त्याला ठाऊक नाय म्हणून सांग."

मी वकिलाकडे वळून तसंच सांगितलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, स्वतःच्या मुलींचीसुद्धा? मी मान डोलावली आणि टाईप केलं. आमच्यात असं विचारत नाहीत, एवढं सांगायला मला कितीसं इंग्रजी लागलं असतं? पण तुम्ही शेजारी बसला होतात. लहानपणी एकदा पोस्टमनने मनीऑर्डरवरचं आईचं नाव मोहल्ल्यात मोठ्याने वाचलं, त्याची मी नक्कल केली, तर तुम्ही मला भरल्या ताटावरून उठवलं होतंत. ते माझ्या अंगात मुरलं होतं.

त्या माणसाला तुम्ही सांगितलंत, बायांचं काही विचारणार नाही. त्याने तुमचा हात दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी त्याने सुकी लिंबं पाठवली, तुम्ही त्यातलं एक फोडून पापलेटच्या कालवणात टाकलंत आणि म्हणालात, "खानदानी मानूस हाय." मी पोटभर जेवलो.

काही महिन्यांनी अहवाल पेपरात छापून आला. त्यात होतं, साक्षीदाराला स्वतःच्या मुलींची नावंही सांगता आली नाहीत, तेव्हा अशा साक्षीवर विसंबता येत नाही. मृत्यू सिद्ध झाले नाहीत. मी तुम्हाला ते वाचून, अर्थ लावून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "तुला नीट वाचता येत नाय," आणि हात धुवायला उठलात. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

त्यानंतर एका सकाळी तुम्ही मासळीबाजारात गेला असताना तो माणूस आपल्या खोलीवर आला. हे तुम्हाला माहीत नाही. कामावर त्याला कुणीतरी पेपर वाचून दाखवला होता. तो भांडला नाही, बसलाही नाही. भिंतीकडे बघत त्याने नावं सांगितली. मला कळावीत म्हणून सावकाश, एकेक, वयासकट. धाकटीचं वय सांगताना त्याने हात जमिनीपासून थोडा वर धरला, ती एवढी होती. मग म्हणाला, लिही आणि पाठव. मी हो म्हणालो.

त्याच दिवशी ऑफिसात मी वकिलाला पत्र टाईप केलं. पाच नावं, पाच वयं. पण ही आधी का आली नाहीत, हे लिहिल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. म्हणून लिहिलं, दुभाष्याने विचारलंच नव्हतं. ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं. तुमचा शब्द खोटा पडत होता, आणि माझाही. तुमचा म्हणून मी थांबलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, तिकीट लावलं आणि माझ्या कपड्यांच्या पेटीत तळाला ठेवलं.

एकदा तुम्ही विचारलंत, तो मानूस परत दिसला का रे? मी नाही म्हणालो. शेवटच्या आजारातही पुन्हा विचारलंत, आणि मी पुन्हा नाही म्हणालो. समाधान झाल्यासारखे तुम्ही कूस बदललीत.

समिती केव्हाच बंद झाली. वकीलही राहिला नसेल. ती नावं मला अजून ओळीने पाठ आहेत. आज या कागदावर, निदान तुम्हाला तरी ती लिहून दाखवायची म्हणून बसलो होतो. पहिलं अक्षर काढलं आणि खोडलं. तुमच्यासमोर अजून लिहवत नाहीत.