बंदीच्या गावात बदली

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार

आलो एकदाचे वर्ध्याला! नागपूरहून येताना गाडीत ह्यांनी तीनदा ऐकवलं, "तिथं बंदी हाये सुलोचना. थेंब भेटत नाई. आता पाह्यजो तू." जशी काही जिल्ह्यात दारूबंदी ह्यांनीच आणली!

खोली सिंदी मेघेला, मनकर्णाबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला. अजून बिछाने सोडले नव्हते तर मालकीणबाई दारात. गाव कोणतं? पगार किती? एकच पोरगी काऊन? अन् साहेब घरी काऊन? शेवटच्या प्रश्नाला म्हटलं, रजेवर आहेत, प्रकृतीसाठी.

हे उत्तर मला झोपेतही देता येतं. नागपूरला त्याच्यावरच तर दिवस काढले.

६ नोव्हेंबर

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पहिला दिवस. नागपूरला आम्ही परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर ओळीनं बसायचो, शेजारणीचा कोपर लागायचा. इथं एका पाळीला दोघी. मी आणि जयवंता. बरी आहे पोरगी, फार हसते पण.

दोन महिन्यांची तात्पुरती नेमणूक. इथं ऑपरेटर कमी पडल्या, कुणी यायला तयार नव्हतं, मी हात वर केला. इथले साहेब आजच म्हणाले, गाव आवडलं तर कायमची बदली मागून घ्या. मागून घ्या! मागून घेतलेली बदली म्हणजे सिनियॉरिटी गेली. चौदा वर्षं कानाला हेडफोन लावून झिजले, आणि नाव कुठं? यादीच्या तळाशी, काल लागलेल्या पोरींच्याही खाली. नागपूरला पुढच्या वर्षी सुपरवायझर झाले असते.

तिकडं आईचं घर हाकेवर. बेबीची शाळा चांगली. नळाला पाणी. सगळं नागपूरच्याच बाजूनं आहे. फक्त आमच्या कोपऱ्यावर देशीचं दुकान आहे. तेवढं एक बाकी सगळ्याला भारी पडतं.

११ नोव्हेंबर, रविवार

ह्या गावाचा वैताग आला. बाजारातून कारली घेतली, घरी पोचायच्या आधी मनकर्णाबाईंना खबर! "कारले घेतले काय वो? साखर हाये का साहेबाले?" नागपूरला शेजारचा मेला तरी तेरवीचा मांडव पडल्यावर कळतं. त्याला आजवर नावं ठेवली. आता वाटतं, काय सुख होतं ते!

आठ वाजले की सामसूम. सिनेमा लागतो तो आम्ही कॉलेजात असताना पाहिलेला. आणि भिंतीभिंतीवर सुविचार. सत्य बोला, सूत काता. रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग, बैलांचं शेण, नाकात कापूस. ह्या गावासाठी मी चौदा वर्षं टाकू?

१४ नोव्हेंबर

अजून वास आलेला नाही. लिहायलाही भीती वाटते.

२० नोव्हेंबर

आजचं लिहून ठेवलंच पाहिजे. डोमाजी म्हणून एक गवळी आहे. सायकलला दोन्हीकडं कॅन लटकवून येतो, फाटकाशी घंटी वाजवतो. तर हे — हो, हेच! — स्वतः भांडं घेऊन फाटकापर्यंत जातात. रोज! लग्न झाल्यापासून ज्या माणसानं प्यायचा तांब्या स्वतः भरला नाही, तो सकाळी उठून दूध आणतो. डोमाजीशी दोन गोष्टी बोलतो. परत येतो तो हसतमुख.

मनकर्णाबाई ओट्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "तुमचे साहेब दुधाचे मोठे शौकीन दिसून राह्यले." मी म्हटलं, हो, प्रकृतीसाठी. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. चहाटळ बाई! दुसऱ्याचं जरा बरं चाललेलं ह्यांना बघवत नाही.

बडीशेपेचं मात्र वेड लागलंय ह्यांना. उठता-बसता मूठभर तोंडात. असू दे. दारूपेक्षा बडीशेप बरी.

२५ नोव्हेंबर

रोज तीच भुणभुण. "अर्ज देऊन टाक ना वो. माह्या कंपनीचा डेपो हाये इथं. म्या बी बदली मागतलीच हाये. दोघं बी इथंच राहू. पोरीचं बी भलं होईन."

मी भाजी चिरत राहते. हो म्हटलं नाही की हे म्हणतात, "तुले मी सुधारलेला पाहवत नाई." वा रे वा! दारू ह्यांनी प्यायची आणि खालच्या पायरीवर जाऊन बसायचं मी. आणि वर आनंदानं बसायचं. सुधारणा ह्यांची, भोगायची मी.

माझ्या मनात हे आहे, आणि ते वाईट आहे हेही मला कळतं. नवरा सुधारतोय आणि बायकोला आपली सिनियॉरिटी आठवतेय. आई ऐकेल तर म्हणेल, तुझ्यासारखी तूच. ऐकू दे. माझी आहे ती, मी मिळवलेली आहे.

२ डिसेंबर, रविवार

बेबीचं नाव दोन महिन्यांसाठी इथल्या शाळेत घातलंय. आज आली ती उड्या मारत. सव्वीस जानेवारीला लेझीम आहे, बाईंनी तिला पहिल्या रांगेत घेतलं!

आणि मी पोळी तव्यावर विसरले. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगनंतर ही पोरगी नाचलेली नाही. त्या दिवशी हे झिंगून आले होते. नाच चालू असताना स्टेजवर चढले आणि नऊ वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन "माही लेक! माही लेक!" म्हणून ओरडायला लागले. सगळी शाळा हसली. बाया पदर लावून हसल्या. तिच्या घुंगरांचा एक चाळ तिथंच तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुसरा तिनं स्वतः कचऱ्यात टाकला. मग नाच नाही, गॅदरिंग नाही, बाबांबरोबर रस्त्यानं चालणं नाही.

इथं तिच्या शाळेत कुणाला काहीच ठाऊक नाही. बेबी म्हणजे नागपूरची नवी पोरगी, लेझीम छान खेळते, बस्स.

पण सव्वीस जानेवारीला आम्ही इथं कुठं असणार? माझे दोन महिने त्याआधीच संपतात. तिनंही ते ओळखलं. हळूच विचारलं, "आई, आपण राहणार ना इथं?"

८ डिसेंबर

बहुतेक देणार अर्ज. ठरल्यासारखंच आहे.

नागपूरच्या खोलीचा मालक मागे लागलाय, येणार नसाल तर किल्ली द्या. किल्ली प्रेमदासकडं आहे. ह्यांचा जिवलग मित्र, बाटलीतला भाऊ! त्याचं तोंड पुन्हा पाहायला लागणार नाही, हाही ह्या गावाचा एक फायदा. साहेब दौऱ्यावरून परतले की अर्ज देते.

राग गेलेला नाही. राग आहेच. पण आता निदान बेबीसाठी करतेय, ते तरी कळलंय.

१४ डिसेंबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

मला आज दुपारी सुटी होती. जयवंताच्या मुलाला ताप, म्हणून तिला घरी पाठवलं, तिची पाळी मी घेतली. घरी निरोप कुणाबरोबर पाठवणार? पाठवला नाही.

जयवंतानं जाता जाता बुक केलेल्या कॉलच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. चिठ्ठीवर नुसते नंबर. स्टेशनसमोरच्या मेडिकलच्या दुकानातून नागपूरला एक कॉल. लाईन मिळाली, जोडून दिली, म्हटलं, "नागपूर आलंय, बोला."

दुकानाकडून हेच बोलले. माझा आवाज ओळखला नाही! चौदा वर्षं ज्या आवाजाला घरात "गप बस" म्हटलं, तो कानात पडून ओळखला नाही.

कॉल लागला की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं असतं. मी आजवर कुणाचं बोलणं ऐकलेलं नाही. आज ऐकायचा खटका मागं करायला हातच गेला नाही.

"प्रेमदास? मी बोलून राह्यलो बे."

"काऊन बे प्रभाकर, कसा हायेस? सुकून गेला असशीन ना तिथं!"

"सुकतो कशाचा! घरपोच हाये इथं. गवळी आणते, दुधाच्या संग. एका कॅनीत दूध अन् दुसऱ्या कॅनीत मोहाची. नागपुरात दुकानापर्यंत चालत तरी जा लागे!"

दोघं हसले. मग हे म्हणाले, "आयक. खोलीची किल्ली मालकाले देऊ नको. हिची बदली पक्की होऊन राह्यली. ही अन् पोरगी राह्यतीन इथं. मी तिथंच. महिन्यातून एखादी चक्कर मारत जाईन."

"अन् तुही बदली?"

"मागतली कोनं?"

वेळ झाली होती. सवयीनं तोंडातून निघालं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

"हो बाई, वाढवा, वाढवा!"

बाई! माझ्याशी एवढ्या अदबीनं हा माणूस कधी बोललेला नाही.

वाढवलं. प्रेमदास विचारत होता, "पोरगी रडन ना बे तुह्यासाठी." मग हे म्हणाले, "नाई रडत. थे मले पाह्यलं का लपते." आवाज जरा पडला होता. तेवढंच. लगेच पुन्हा किल्लीचं सुरू.

संपल्यावर चिठ्ठीवर सहा मिनिटं लिहिली, सही केली, पुढचा कॉल जोडला. एका बाईचा भाऊ आर्वीला वारला होता, तिला हुंदक्यामुळं नंबर सांगता येईना. तिला म्हटलं, सावकाश सांगा, मी आहे.

१५ डिसेंबर

सकाळी घंटी वाजली. हे भांडं घेऊन गेले, दूध घेऊन आले. मी चुलीपाशी होते. मागं न वळता बोर्डावरच्या आवाजात म्हटलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

निम्मं दूध उंबऱ्यावर सांडलं.

नेहमीसारखं भांडायला हवं होतं. भांडण आलंच नाही तोंडात.

मग ओट्यावर जाऊन मनकर्णाबाईंना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"साऱ्या गल्लीले ठाऊक होतं वो बाई."

"मग सांगितलं का नाही? माझी कारली कळतात, भाव कळतो, आणि हे एवढंच नाही कळवता आलं?"

"मी काढली ना गोष्ट. दुधाचे शौकीन म्हटलं. तर तुमी म्हनता, प्रकृतीसाठी! मी समजली, बाईले सारं मालूम हाये, झाकून राह्यली बिचारी. बायको ज्याच्यावर पदर टाकते, थे दुसरीनं उघडू नाई. आमच्याइकडं असंच हाये. माह्यंही असंच झाकलं होतं सगळ्याईनं. आमचे मालक मरेपर्यंत."

मी रडले. त्यांच्या ओट्यावर, भर उजेडात, समोरून लोक जात-येत असताना. किती लाज वाटायला हवी होती! त्यांनी पाणी आणून दिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

प्रकृतीसाठी! ह्या एका शब्दानं नागपूरला माझी अब्रू राखली असं मी समजत होते. राखली ती ह्यांची. मोहाची माझ्याच फाटकातून आत येत होती, आणि पांघरूण घालायला मी उभी.

१६ डिसेंबर

सगळं पुन्हा मांडून पाहिलं. नागपूरला सुपरवायझरची जागा, आई, नळ. इथं धूळ, चौकशा, यादीचा तळ. काहीच बदललेलं नाही. एक माणूस वजा केला, बेबीची लेझीम जमेला धरली, आणि हिशेब वर्ध्याकडंच कलला.

१७ डिसेंबर, सोमवार

अर्ज दिला. वर्धा, कायमची. साहेबांनी विचारलं, "मिस्टरांचीही इकडं होईल ना?" म्हटलं, "नाही. ते दारू पितात. ते नागपूरला राहतील." साहेब उगाच कागद चाळत बसले. जयवंता आज हसली नाही.

संध्याकाळच्या पॅसेंजरचं ह्यांचं तिकीट काढलं. एकच. गाडी सुटताना प्रभाकरनं खिडकीतून विचारलं, "लोकाईले काय सांगशीन?"

"जे खरं आहे ते."

उद्या घंटी वाजली की फाटकाशी मी जाईन.