शिळं पाणी

३ मार्च

श्रीनं राजीनामा लिहिलाय. पाठवलेला नाही, फोनमध्ये आहे. जेवताना वाचून दाखवला, शाळेत असताना निबंध वाचायचा तसा. ‘वैयक्तिक कारणास्तव.’

मेघा म्हणाली, "जग बुडणार आहे, हे वैयक्तिक कारण होय?" आणि भाकरी आणायला आत गेली.

मला हसू आलं. मुलाच्या बाजूनं हसायचं की सुनेच्या, ते ठरवायच्या आधीच.

५ मार्च

त्याचं म्हणणं लिहून ठेवते. तो समोर बोलत असला की मला म्हणणं ऐकू येत नाही, नुसता त्याचा आवाज येतो.

वाळूजला त्याची कंपनी गाड्यांचे भाग बनवते. मागच्या महिन्यात नखाएवढा एक सुटा भाग समुद्रात कुठल्याशा जहाजावर अडकला, तिकडं लढाई चालू म्हणून. इथली अख्खी लाईन बसून राहिली. माणसं लिंबाच्या झाडाखाली पत्ते खेळली. तो म्हणतो, सगळं असंच आहे आई. वीज, खत, औषधं, बँक. प्रत्येकाचा भार दुसऱ्यावर, आणि तो दुसरा कुठं असतो हे कुणालाच माहीत नाही. उन्हाळे वाढतायत ते वेगळंच. एक दिवस एक गोष्ट थांबेल, मग सगळ्या. एका शहरात नाही, सगळीकडं. त्याआधी पिशोरला जाऊन मातीला धरून राहायचं.

पिशोरची ती माती माझी. वडिलांनी माझ्या नावावर ठेवलेला तुकडा, विहिरीसकट. दादा कसतो. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलंय, सुमी आली तर तिचं तिला देईन, पोराच्या एकट्याच्या हाती द्यायचो नाय.

म्हणजे मी हो म्हटलं तर श्री मला घेऊन जातो. मेघा जाणार नाही. दवाखान्यातलं रक्त तपासायचं काम ती सोडणार नाही, त्याच्या जाण्याला ती भित्रेपणा म्हणते. मी नाही म्हटलं तर तो इथंच राहील, आणि मग रोज माझ्याकडं बघेल.

महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय.

८ मार्च

विहीर म्हटलं की श्रीला पाणी दिसतं. मला दोर. तळहातावरचे वळ, आणि त्याच हातानं कंदिलाखाली वही. वडील म्हणायचे, शीक, म्हणजे ह्यातून सुटशील. सुटले. सुटून गारखेड्यात ह्या घरात आले, जिथं तोटी फिरवली की

फिरवली की, आठवड्यातून एकदा.

११ मार्च

दुपारी पडल्या पडल्या अजिंठा आठवला. मी शिकवायचे त्या कॉलेजची सहल, मुक्काम फर्दापूरला. मुलं चित्रांपुढं गर्दी करून. मी एका अर्धवट राहिलेल्या लेण्यात जाऊन बसले. छत निम्म्यापर्यंत गुळगुळीत, पुढं नुसते छिन्नीचे घाव. कुणीतरी एका संध्याकाळी छिन्नी खाली ठेवली. उद्या येऊ म्हणून ठेवली, की त्याला माहीत होतं?

राखणदारानं हटकलं. "मॅडम, इथं बघायसारखं काय नाय. काम झालंच नाय इथं."

वर्गात मी साम्राज्यांचा ऱ्हास शिकवला, पुष्कळ वर्षं. दहा गुणांचा प्रश्न असायचा. उत्तर मला यायचं.

१४ मार्च

पाण्याचा दिवस.

उजाडल्यापासून गल्लीत तीच गडबड. नवं यायच्या आधी जुनं संपवायचं. पायऱ्या धुतल्या, गाड्या धुतल्या, कढीपत्त्याला बादल्या गेल्या. आठवडाभर बेतानं वापरलेलं पाणी बघता बघता गटारीत. पाणी तेच, धरण तेच, पण घरात राहिलं की शिळं. सासूबाईंनी हे शिकवलं असणार. आता शिकवल्याचंही आठवत नाही, हात आपले चालतात.

हात गच्चीपर्यंत गेले. तिथं श्रीचे दोन निळे ड्रम आहेत, वर्षभरापासून. अडीअडचणीसाठी. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्याचं अक्षर: हात लावू नये. मी दोन्हींच्या तोट्या उघडल्या. गच्ची धुऊन काढली. ओल्या सिमेंटचा वास आला, बरं वाटलं.

नळ आलाच नाही. संध्याकाळी कळलं, मुख्य पाइपलाइन फुटलीय. किती दिवस, कुणी सांगेना.

१५ मार्च

श्रीला सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. ड्रममध्ये वाकून बघितलं, झाकण परत लावलं, पट्टीवर अंगठा फिरवून ती नीट चिकटवली.

"नळाला येणारच, इतका तुझा विश्वास. म्हणून ओतलंस."

जिना उतरताना म्हणाला, "मी हेच तर सांगतोय सगळ्यांना."

गल्लीत चौकशी केली. सगळ्यांनी ओतलंय. कुणाकडंच नाही.

१६ मार्च

शेजारच्या नसीम आपांचा बोअर अजून चालतोय. त्यांनी फाटकातून नळी बाहेर काढली. घरटी दोन हंडे. रोजे चालू आहेत, तरी भर उन्हात खुर्ची टाकून बसतात आणि कुणाचा हंडा केवढा ते बघतात. समोरच्या जाधव काकूंचा परत पाठवला. हा हंडा नाही, टाकी आहे म्हणाल्या.

श्री रांगेत होता. आपांनी त्याला सोडलं नाही. "क्या रे, तू बोलरा था ना, पानी बंद हुआ तो तीन दिन में लोगां एक-दूसरे का गला पकडेंगे? आज कौनसा दिन है?"

श्री म्हणाला, "तिसराच आहे, आपा. अजून संध्याकाळ व्हायचीय."

"हौ? तो शाम कू आती मैं. पानी बचा तो गला धोके आती."

रांग हसली. तोही हसला. बऱ्याच दिवसांनी.

१७ मार्च

जाधव काकू दारात आल्या. प्यायला एक कळशी मिळेल का. माझ्या ओट्याखाली हंडा भरलेला होता, वर ताटली झाकलेली. मी म्हटलं, आमचंही संपलंय हो.

विचार करून बोलले नाही. शब्द आधी आले.

काकू म्हणाल्या, "असू द्या, तुम्ही नका काळजी करू, येईल उद्या," आणि मलाच धीर देऊन गेल्या.

पेपरात आलंय, धरणात भरपूर पाणी आहे.

१८ मार्च

टँकर आला. मी बाल्कनीतून बघितलं, म्हणून लिहिता येतं.

श्री सगळ्यांत पुढं. त्यानं आधीच पाइप आणून ठेवला होता, जोडायचा पाना, तार, सगळं. बाकीचे बहुतेक नुसत्या बादल्या घेऊन गप्पा मारत उभे. कुणी घाई करत नव्हतं. जाधव काकांनी त्यांचा पाइप टँकरच्या तोंडाला लावला, म्हणाले, अर्धी टाकी भरतो, मग तू घे. श्रीनं तो उपटला. काकांनी परत लावला. श्रीनं त्यांना ढकललं. जोरात नाही. पण काका चिखलात बसले, मनगटावर भार येऊन.

टँकरवाल्यानं पाणी बंद केलं आणि बिडी पेटवली.

कुणी श्रीला हात लावला नाही. दोघांनी काकांना उठवलं. मग सगळ्यांनी जागा करून दिली, त्याला आधी भरू दिलं. मला वाटतं, मारलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तो पाइप टाकून वर आला. आमची टाकी मेघानं भरली. शेवटी, जे उरलं त्यात.

१९ मार्च

मनगटाचं हाड शाबूत आहे, सूज आहे. मेघा दवाखान्यात घेऊन गेली काकांना, स्वतःच्या स्कूटरवर.

आपा फाटकातून. मला उद्देशून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात: "दुनिया डूबने वाली थी बाई, सच्ची है. पैले तुमारेइच घर से डूबी."

रात्री जेवताना श्री म्हणाला, "बघितलंस ना? मीसुद्धा. मग बाकीचे काय करतील?"

मेघा म्हणाली, "बाकीचे तिथंच उभे होते. त्यांनी काय केलं, ते तुला दिसलं नाही."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी हंड्याबद्दल सांगायला हवं होतं. काय सिद्ध झालं असतं त्यानं? दोघांपैकी कुणाचं?

वाढून घेतलं.

२१ मार्च

पाणी आलं. आधी लाल, मग पांढरं, औषधाच्या वासाचं. गल्लीत मोटारी सुरू झाल्या, सगळ्यांच्या एकदम, त्यामुळं कुणालाच धड चढेना. मग नेहमीसारखी भांडणं, मोटार बंद करा, तुम्ही आधी करा. ती ऐकून हलकं वाटलं. आपांनी नळी गुंडाळून आत नेली. जाताना म्हणाल्या, आता उद्या कुणी सलाम करणार नाही बघा.

काकूंकडं कळशी घेऊन गेले. त्यांच्या सगळ्या बादल्या भरलेल्या. तरी घेतली.

२४ मार्च

दादाचा फोन. मी विचारलं, विहिरीला किती आहे.

"हाय की. आता खाली गेलंय. दोन तास मोटर चालती, मग फसफस. लाइट आली तर." मग म्हणाला, "तुझ्या पोराला वाटतंय व्हय, इथं आम्ही काय जगाच्या भाईर राहतो? खत तिकडूनच येतं. मक्याचा भाव बी तिकडूनच ठरतो. लेकराला मोबाईल लागतोच."

मी म्हटलं, मग त्याला येऊ नको म्हणू का?

"तसं कुठं म्हनलो मी? ये म्हनावं. एक मानूस कमीच हाय. नांगराला नाय, बोलायला. इथली पोरं समदी तिकडं, वाळूजला."

हे श्रीला सांगितलं नाही. सांगितलं तर तो फक्त ‘ये म्हनावं’ ऐकेल. मेघा फक्त ‘फसफस’.

२६ मार्च

मेघा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तुम्ही जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुम्ही दोघं गेलात तर ह्या घरात मी कोण, एवढं जाताना सांगून जा."

मेथीच्या काड्या. तिच्या बोटांना हिरवा रंग.

मी श्रीला चूक म्हणू शकत नाही. त्याची अर्धी वाक्यं मला खरी वाटतात. सकाळी वाटतात, पेपर वाचताना. दुपारी आपा भिंतीपलीकडून सुनेला ओरडायला लागल्या की वाटत नाहीत. ह्याला मत म्हणत नाहीत.

लोक काय विचारतात, शेवट जवळ आलाय का. मला विचारायचंय की ती छिन्नी ठेवल्यावर तो माणूस घरी जाऊन जेवला का. कोणाबरोबर.

२९ मार्च

वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. ड्रम भरलेत, दोन्ही. त्यानं कधी भरले माहीत नाही. एकावर तीच पट्टी, हात लावू नये. दुसऱ्यावरची फाडून नवी लावलीय. त्याच्याच अक्षरात: जाधव काका.

म्हणजे अजून तो दिवस येणार म्हणतोच आहे. फक्त त्या दिवशी

कपडे घेऊन खाली आले. मेघाला काही बोलले नाही. तिनं आधीच बघितलं असेल.

श्री काकांकडं गेला होता का, विचारलं नाही. काका मात्र संध्याकाळी फाटकातून हाक मारून म्हणाले, "पैलवान, चहा प्यायला ये." श्री गेला नाही. खिडकीत उभा राहिला, बराच वेळ.

३१ मार्च

आज उत्तराचा दिवस. पाण्याचाही, तीन दिवस उशिरानं.

उजाडताच गल्ली सुरू. पायऱ्या, गाड्या, झाडं. वाटलं होतं, यावेळी कुणी ओतणार नाही. सगळे ओततायत. जाधव काकू, एका हातानं काकासुद्धा. आपांच्या अंगणातून ओघळ रस्त्यावर आलाय. मला राग यायला हवा. त्यांच्याकडं बघत राहावंसं वाटतं.

बादली घेऊन गच्चीवर गेले. श्री आधीच तिथं. जिन्याच्या वरच्या पायरीवर, फोन हातात, स्क्रीनवर ते पत्र उघडं. मला बघून त्यानं फोन पालथा ठेवला.

"काय ठरवलंस?"

मी त्याच्याशेजारी बसले. म्हटलं, त्या दिवशी माझ्याकडं भरलेला हंडा होता आणि मी काकूंना नाही म्हटलं. मला वाटलं तो म्हणेल, बघ, मी म्हणत होतोच. म्हणाला नाही. फोनही उचलला नाही.

मग उठून ड्रमपाशी गेला. आपल्या, काकांच्या नाही. तोटीवर हात ठेवला.

"शिळं झालंय. ओतू?"

हात माझेही वळवळले.

म्हटलं, "थांब. आधी नळ येऊ दे."

खाली मेघानं तोटी उघडून ठेवलीय. आम्ही जिन्यातच बसलोय, मी वही आणायला तेवढी उठले. नळ खोकतोय. अजून हवाच आहे.